सड्यावरच्या चार खुर्च्या

कोल्हापूर बघायला किती दिवस लागतात, असं कुणी फोनवर विचारलं की माझं डोकं फिरतं. अहो, मी इथं साठ वर्षं राहतेय, माझंच अजून बघून झालेलं नाही, तुम्हाला काय सांगू? पण असं बोलून चालत नाही. पाहुणा तो पाहुणा. मग मी गोड आवाज काढून म्हणते, दोन दिवस ठेवा. विचारणाऱ्याची यादी आधीच तयार असते. अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, जमलं तर जाताजाता नृसिंहवाडी, आणि दोन्ही वेळा तांबडा-पांढरा रस्सा. यादीत वाईट काही नाही. अंबाबाईला नमस्कार केल्याशिवाय मी स्वतः परगावी जात नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहुणे हात झटकून म्हणतात, "झालं की कोल्हापूर!" तिथं मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. झालं म्हणे!

यंदाही गणपती गेले आणि फोन सुरू झाले. मी तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. माझे विद्यार्थी मुंबई-पुण्याला आहेत, मोठ्या पदांवर आहेत, आणि सगळ्यांना दमायला झालंय. "मॅडम, गर्दी नसलेलं काहीतरी सांगा ना." गर्दी नसलेली जागा हल्ली सगळ्यांनाच हवी असते आणि ती सगळ्यांना एकदमच सापडते. पहिल्या रविवारी चार माणसं येतात, दुसऱ्या रविवारी भज्याची गाडी लागते, तिसऱ्या रविवारी गाडी लावायला जागा उरत नाही. मग आल्यासरशी सगळे तिथंच उभे राहून म्हणतात, फार गर्दी आहे बाई इथं!

मला एक जागा माहीत आहे. नाव विचारू नका, सांगणार नाही. नेसरी सोडून पुढे गेलं की आमचं मूळ गाव लागतं, एवढंच सांगते. गावाच्या डोक्यावर जांभ्या खडकाचं सपाट पठार आहे. आमच्याकडे त्याला सडा म्हणतात. मी कोल्हापुरात कळंब्याला राहते, सकाळी तलावावर फिरायला जाते. भाद्रपदात बांधाच्या कडेला तेरड्याची गुलाबी फुलं दिसली की माझं फिरण्यातलं लक्ष उडतं. आता सडा भरला असेल, असं वाटतं. आणि लगेच तीन वर्षांपूर्वीचा भाद्रपद समोर येतो. त्या चार लाल खुर्च्या दिसतात. माझाच आवाज माझ्या कानात वाजतो.

लहानपणी मी हा सडा कधी फुललेला बघितलाच नव्हता. माझे वडील कोल्हापुरात नोकरीला, त्यामुळे आम्ही गावी जायचो ते दिवाळीत आणि मे महिन्यात. दिवाळीपर्यंत वरचं गवत कापून झालेलं असायचं, आणि मे महिन्यात तर नुसता काळा कातळ. अनवाणी वर जायचं, कारण वर सड्याई आहे. देवी म्हणजे शेंदूर लावलेला एक दगड, त्याला ना देऊळ ना छप्पर. खाली शेवटचा गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांचं कुंपण लागतं, तिथं चपला काढायच्या आणि मग तापलेल्या दगडावरून पळत सुटायचं. तळपाय भाजायचे. मला वाटायचं, आपल्या गावाला बघण्यासारखं काही नाही. वर्गातल्या पोरी महाबळेश्वरला जाऊन यायच्या आणि मी भाजलेले तळपाय घेऊन यायची. पुढे चाळिशी ओलांडली तेव्हा एकदा गणपतीत गावी गेले आणि सहज वर चढले. चढले, आणि खाली बसले. ज्या झाडांची चित्रं फळ्यावर काढून माझी बोटं खडूनं पांढरी झाली होती, ती सगळी माझ्याच घराच्या डोक्यावर इतकी वर्षं फुलत होती. मला काय तो अभिमान वाटला! आणि त्याच वेळी स्वतःची लाजही वाटली.

आमच्या गावच्या घरी तात्या असतात. तात्या म्हणजे माझे चुलते, वडिलांचे धाकटे भाऊ. दोन म्हशी, थोडं भात, थोडी नाचणी, आणि काकी. मूलबाळ नाही. त्यामुळे मीच त्यांची पोरगी. तात्या गाव सोडून कधी फार लांब गेले नाहीत. कोल्हापूरला आले तरी संध्याकाळच्या धारेला परत जायची घाई. पण गावात त्यांना मान. दसऱ्याच्या सकाळी सगळं गाव विळे घेऊन सड्यावर जातं, सड्याईपुढं विळे पुजतं आणि मग गवत कापायला लागतं. त्यातली पहिली पेंढी कापायची आमच्या घरानं. पणजोबांपासून चालत आलेलं. ती पेंढी वाजतगाजत खाली येते आणि आमच्या दारावर बांधली जाते. हे मला ऐकून माहीत होतं. मी कॉलेजात मैत्रिणींना ऐटीत सांगायचीही, आमच्या घराला मान आहे म्हणून. पण मान सांभाळायचाही असतो, त्याचं ओझं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

शुभदा माझी कॉलेजातली मैत्रीण, आता पुण्याची. तीन वर्षांपूर्वी ती एका नावाजलेल्या फुलांच्या पठारावर जाऊन आली आणि फोनवर रडत बसली. रांग होती, दोऱ्या होत्या, शिट्ट्या होत्या. "फुलांपेक्षा लोकांच्या पाठीच जास्त बघितल्या गं," म्हणाली. झालं! माझ्यातली कोल्हापूरकरीण जागी झाली. मी म्हटलं, "तू माझ्या गावाला ये. दोरी नाही, रांग नाही, शिट्टी नाही. असा नजारा दाखवते की पुण्याला परत जायचं नाव घेणार नाहीस." ती तीन मैत्रिणी घेऊन येते म्हणाली. मी लगेच तात्यांना फोन लावला आणि ते वाक्य बोलले, जे मी आता कुणालाही बोलत नाही. "तात्या, पुण्याच्या चौघीजणी आणतेय. मोठी माणसं आहेत. व्यवस्था नीट ठेवा."

"येवस्थेची काळजी तू करू नगंस," तात्या म्हणाले. "पावणं पुण्यात जाऊन नाव काडतील, बग."

गेलो आम्ही. सकाळी लवकर कोल्हापूर सोडलं. वाटेत ऊस, मग ऊस संपून भाताची खाचरं, मग उघड्या काचेतून आत येणारा ओल्या मातीचा आणि शेणाचा वास. शुभदाच्या मैत्रिणींनी नाकाला रुमाल लावला नाही, हे मी मनात नोंदवलं. गावात शिरल्यावर मी काही सांगायच्या आत शुभदानं एका माणसाला वाट विचारली, तर तो वाट सांगेना. "चला की, येतोच," म्हणून गाडीच्या पुढे चालायला लागला आणि आम्हाला थेट दारात सोडून मगच आपल्या कामाला गेला. चौघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी मागच्या सीटवर छाती काढून बसले होते. आमच्याकडे हे असंच असतं, पाहुण्याला वाट दाखवत नाहीत, पोचवतात.

दारात काकी एकटीच होती. "या या, लांबनं आलासा, दमला असशीला. पाणी प्या." मग गुळाचा चहा, मग शेंगा, मग "एवढ्यानं काय हुतंय, खावा की!" तात्या कुठं, विचारलं तर म्हणाली, "त्ये पाटंच वर गेल्यात. तुमचीच तयारी." मला वाटलं, गडग्यातली वाट मोकळी करायला गेले असतील. चार वेळा चहा नको म्हणून झाल्यावर आम्ही निघालो. काकी पुढे, डोक्यावर भाकरीची बुट्टी. गडग्यापाशी ती थांबली. "चपला हितंच ठेवायच्या. वर आई हाय." चौघींनी निमूट बूट काढले, मोजे काढले. पुण्याचे ते गोरे पाय पहिल्यांदाच चिखलात पडत होते. एकीनं बोटं आखडून घेतली आणि मग हसून मोकळी सोडली.

आणि सडा!

काय सांगू? सगळीकडे पाणी पाझरत होतं. दगडातल्या उथळ खळग्यांत बोटभर मातीही नाही, आणि त्या मातीत सीतेची आसवं नावाची फुलं उभी होती, निळी-जांभळी, इवलाली, एक बघायला जावं तर हजार दिसावीत. मध्ये मध्ये गेंदाचे पांढरे ठिपके. कडेनं सोनकी पिवळी. मी गुडघ्यावर बसून चौघींना दवबिंदूचं रोप दाखवलं, नखाएवढी लाल पानं, त्यावर चिकट थेंब आणि थेंबात अडकलेलं चिलट. "ही जमीन उपाशी आहे," मी वर्गात सांगायची तसं सांगितलं. "हिच्याकडे द्यायला काही नाही. म्हणून ही झाडं किडे पकडून पोट भरतात. श्रीमंत जमिनीत ही जगतच नाहीत." ढग खाली उतरून अंगावरून जात होते. शुभदाच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, जिंकलं! आता सड्याईजवळची सपाटी दाखवायची. तिथं जांभळं सगळ्यात दाट असतं. "चला, खरं तर पुढंच आहे," मी म्हटलं आणि पुढे झाले.

पुढे चार खुर्च्या होत्या.

लाल प्लास्टिकच्या. एका ओळीत मांडलेल्या. आमच्या माजघराएवढी जागा सफाचट कापून, शेणानं सारवून, तिच्यावर काढलेली रांगोळी. खुर्च्यांपुढं जाजम. बाजूला पाण्याची कळशी, तिच्यावर उपडा ठेवलेला लख्ख तांब्या. आणि तात्या, धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, घामानं निथळत उभे. "या पावणं, या! बसा!" त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मी आता डोळे मिटले तरी दिसतं. लग्नात मुलीचा बाप असा उभा असतो. मला त्या वेळी तो चेहरा दिसलाच नाही. मला बाजूला टाकलेला कापलेल्या फुलांचा ढीग दिसला.

राग आला की माझी शुद्ध भाषा आधी पळून जाते. "तात्या, तुमास्नी अक्कल हाय का न्हाय?" मी ओरडले. "ह्ये बघाय आलोय आमी! ह्येच कापलासा? गवत हाय व्हय ह्ये? अडाणी ते अडाणीच!"

सड्यावर आवाज लांब जातो. कुठल्याशा दगडावर आपटून माझाच "अडाणी" माझ्याकडे परत आला. तात्यांनी हातातला विळा हळूच पाठीमागे घेतला. "पावण्यास्नी बसाय जागा नगं व्हय?" एवढंच म्हणाले. आवाज अगदी बारीक. त्या माणसाचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मग शुभदा पुढे झाली. पहिल्या खुर्चीवर बसली, सरळ, ओढणी नीट करून. "शालन," ती मला म्हणाली, "आजवर माझ्यासाठी कुणी खुर्ची डोक्यावरून डोंगर चढवून आणलेली नाही." बाकीच्या तिघीही बसल्या. काकीनं भाकरी वाढली, खर्डा, दही, वाटाण्याची उसळ. तात्या सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होते, माझ्या ताटातही वाढलं. स्वतः मात्र घासही खाल्ला नाही. मी फुगून बसले होते. पुण्याच्या बायका आमच्या माणसांशी माझ्यापेक्षा नीट वागल्या, हे मला आज लिहितानाही बोचतं.

खाली आल्यावर मी स्वयंपाकघरात भांडी ठेवायला गेले तेव्हा काकी चुलीकडे तोंड करून बसली होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "दसऱ्याआदी सड्यावर विळा न्हेत न्हाईत. ठावं न्हवतं तुला?"

नव्हतं. खरंच नव्हतं. मी दिवाळीतली आणि मे महिन्यातली पाहुणी. पावसाळा लागला की दसऱ्यापर्यंत वर विळा नाही, जनावर नाही, आणि चप्पल तर कधीच नाही. आई लेकरांना पाजत बसलेली असते म्हणतात. "पाजत बसल्याली बाई कोण उठवतं व्हय?" काकी म्हणाली. दसऱ्यापर्यंत फुलं वाळतात, बी गळून दगडाच्या भेगेत जातं, आणि मग विळा. मी तीस वर्षं बीजप्रसार शिकवला. आमच्या अडाणी गावानं तो त्याहून कितीतरी आधी पाळला होता. म्हणून तर तो सडा फुललेला होता! दोरीशिवाय, शिट्टीशिवाय. ज्या गोष्टीचा मी शुभदाला फोनवर तोरा दाखवला, ती गोष्ट त्या एका नियमानं राखली होती. आणि तो नियम त्या गावात ज्यांच्या घराला मान, त्या तात्यांनी मोडला होता.

"मग तात्यांनी विळा नेलाच कसा?"

"तू म्हणलीस न्हवं, येवस्था नीट ठिवा, मोटी माणसं हाईत. दोन दीस घरात येरझाऱ्या घालत हुतं. मी म्हणत हुते, विळा नगा न्हेऊ. तर त्ये म्हणलं, पोरीची मान खाली जाईल, पावणं काय चिखलात बसवायचं व्हय? वर जाऊन आईला हात जोडलं. म्हणलं, माज्या पोरीचं पावणं हाईत, एवढी येळ सांभाळून घे." काकीनं डोळ्याला पदर लावला. "आन् तू पावण्यांम्होरं अडाणी म्हणलीस."

मी बाहेर आले तेव्हा तात्या शुभदाच्या पिशवीत घनसाळ तांदूळ भरत होते. तेव्हाच पाय धरायला हवे होते. मी धरले नाहीत. आम्हा कोल्हापूरकरांचा अभिमान हा असा. मिरवायला पुढे, वाकायला कंबर दुखते. गाडीत बसले आणि निघून आले.

दुसऱ्या दिवशी काकीचा फोन आला. तात्या सकाळी गावातल्या देवळात गेले होते, चारचौघांत उभं राहून म्हणाले होते, विळा मी नेला. कुणी विचारलंही नव्हतं. लोक म्हणाले, तात्या, असूंदे, पावण्यांसाठी केलासा, आईला कळतंय. तात्या ऐकेनात. "ती जागा परत फुलंस्तोवर माजा पाय सड्याला लागणार न्हाय. पयल्या पेंढीचा मान तवर गुरवाकडं." एवढं बोलून घरी येऊन धारा काढायला बसले.

त्या दसऱ्याला मी मुद्दाम गावी गेले. वर हलगी वाजत होती. तात्या अंगणात म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते, कान वरच. पहिली पेंढी गुरवाच्या डोक्यावरून खाली आली, आमच्या दारावरून पुढे गेली. तात्यांनी फेटा काढून तिला नमस्कार केला. आमची चौकट तशीच रिकामी राहिली. मला वाटलं होतं, तात्या माझ्याशी बोलणार नाहीत. त्यांनी मला विचारलं, "जेवलीस का?"

पुढच्या भाद्रपदात मी एकटीच वर गेले. तात्या गडग्यापर्यंत आले आणि पलीकडे पाऊल न टाकता छत्री घेऊन उभे राहिले. वर जाऊन बघितलं. त्या माजघराएवढ्या जागेत गुडघाभर गवत माजलं होतं, हिरवंगार, रसरशीत. शेणाचा प्रताप. जी जमीन उपाशी राहून जांभळी होत होती, तिला आम्ही पोटभर जेवू घातलं होतं. पाहुण्याला जेवल्याशिवाय न सोडणारी माणसं आम्ही, आम्ही दगडालाही सोडलं नाही. खाली आले. तात्यांनी नुसती भुवई वर केली. मी नाही म्हणून मान हलवली. मग मी म्हटलं, "तात्या, मी फुलांचं बियाणं गोळा करून आणते. दुसरीकडचं. त्या जागेत टाकते, लवकर येईल."

"नगं," तात्या म्हणाले. "मी हात लावून बिघडिवलं. आता तू हात लावून काय करणारैस? त्येचं त्यो बघंल."

विद्यापीठाची पदवी घेतलेली मी त्यांच्या मागोमाग घरी आले.

त्याच्या पुढच्या वर्षी पावसानं झोडपलं. शेण धुऊन गेलं, गवत विरळ झालं, कडेनं चार-दोन गेंद पांढरे डोळे काढून बघत होते. मी आनंदानं उतरले. "आलेत तात्या, गेंद आलेत!" तात्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "जांभळं?" "जांभळं नाही अजून." "मग न्हाय." वळले आणि चालायला लागले. मागून बघताना मला पहिल्यांदा दिसलं की तात्यांचं धोतर आता पोटऱ्यांवर सैल पडतं. वय कुणासाठी थांबतं? सड्यावर पाय ठेवायच्या आत हा माणूस गेला तर, हा विचार मनात आला आणि त्यानं माझी पाठ सोडली नाही. कळंब्याच्या तलावावर, भाजी घेताना, पेपर वाचताना, कुठंही. मी नास्तिक नाही, पण देवाकडे मागायची सवय मला नाही. त्या वर्षी अंबाबाईच्या रांगेत उभी राहिले तेव्हा मी एकच मागितलं, माजघराएवढी जागा.

शुभदा दर भाद्रपदात फोन करायची. कशी आहेस वगैरे काही नाही, सरळ "फुललं का?" तिनं तो सडा कुणाला सांगितला नाही, फोटो कुठं टाकला नाही. तिच्या मैत्रिणींनीही नाही. पुण्याच्या बायका आणि एवढं गुपित ठेवलं! मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "अगं, ज्यांनी आपल्यासाठी एवढं केलं त्यांची जागा चव्हाट्यावर कशी मांडू?" तिला पुन्हा यायचं होतं, पण म्हणाली, तात्या वर जातील तेव्हाच मी वर जाणार.

आणि परवा मी गावी गेले.

पाऊस उघडला होता. गडग्यापाशी चपला काढल्या. तात्या मागे येऊन नेहमीच्या जागी उभे राहिले. या वर्षी छत्रीऐवजी हातात काठी होती. वर चढताना मी खालीच बघत राहिले, मुद्दाम. सड्याईचा दगड आला. हात जोडले आणि मग मान वर केली.

जांभळं होतं.

दाट नव्हतं. सगळीकडे नव्हतं. पण होतं. खुर्च्यांचे पाय जिथं रुतले होते तिथं, जाजमाच्या जागी, रांगोळीच्या जागी, इवलाली, थंडीत कुडकुडल्यासारखी हलणारी सीतेची आसवं. मी रडले. मोठ्यानं रडले, तिथं ऐकायला कोण होतं? मग फोन काढून फोटो घेतला आणि साठीची बाई घसरत-पडत खाली पळाले. तात्यांपुढं फोन धरला. त्यांनी तो हातानं बाजूला सारला.

"फोनात काय बी दावत्यात."

"मग चला! डोळ्यानं बघा!"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. खोटं बोलत नाही ना, ते बघत असावेत. मग काठी गडग्याला टेकवली, एक चप्पल काढली, मग दुसरी, आणि दोन्ही जुळवून ठेवल्या. सड्याला पाऊल लावायच्या आधी वाकून हात जमिनीला लावला आणि कपाळाला लावला. तीन वर्षांनी त्यांचे अनवाणी पाय त्या दगडावर पडले. वाटेत तीनदा थांबले. दम लागत होता पण माझा हात घेतला नाही. मी मागून चालले. त्यांच्या तळपायाला कुठला दगड कुठं आहे हे अजून पाठ होतं.

त्या जागेच्या कडेला आले आणि उकिडवे बसले. आत पाऊल टाकलं नाही. फेटा काढून मांडीवर ठेवला. एका फुलाजवळ बोट नेलं आणि न शिवताच मागे घेतलं.

"बारकी हाईत," म्हणाले.

"होतील मोठी. बी पडू दे यंदाचं."

"पडू दे की. दसऱ्याला हितनं कापायचं न्हाय. पयली पेंढी पल्याडनं काडूया." आणि मग पुन्हा, स्वतःशीच, "पयली पेंढी."

मी त्यांच्या शेजारी ओल्या दगडावर बसले. साडी भिजली. तीन वर्षं राहिलेलं एकदाचं बोलून टाकलं. "तात्या, त्या दिवशी मी तुम्हाला अडाणी म्हटलं. चुकलं माझं. अडाणी मी होते."

तात्या फुलांकडेच बघत राहिले. "वरडलीस त्ये बरं केलंस. माजं चुकलंच हुतं. पावण्यांम्होरं वरडलीस, तेवढं वाईट वाटलं बग."

"मला माहीत आहे."

"व्हय. आता झालं त्ये झालं." त्यांनी फेटा उचलून डोक्याला गुंडाळायला सुरुवात केली. पीळ बरोबर बसला. बांधून झाल्यावर छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या सड्यावरून नजर फिरवली, तीन वर्षांपूर्वी त्या खुर्च्यांमागं उभे होते तसे.

"फुलं हाईत तवर बोलीव की तुज्या पुण्याच्या पावण्यास्नी," म्हणाले. "फकस्त खुर्च्या मिळायच्या न्हाईत, म्हणून आदीच सांग."